तोच डबा, तीच माया

१

कपाट फोडलेलं नव्हतं. काच शाबूत होती, कडी लावलेली होती, आत लाल मखमल होती आणि मखमलीवर काहीच नव्हतं.

बसवनगुडीतल्या जगतापांच्या कचेरीत शिरलं की हे कपाट समोरच दिसायचं. त्यात पत्र्याचा एकच डबा असायचा. १९४७ साली रत्नाबाई जगतापांनी नाचणीचं सत्त्व करून विकायला सुरुवात केली, तेव्हाचा तो पहिला डबा. निम्म्या बंगलोरची बाळं 'रत्नाबाई सत्त्वा'वर वाढली असं कंपनी म्हणायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. शुक्रवारी डबा जागेवर होता, शनिवारी सकाळी नव्हता. बुधवारी कंपनीचा सुवर्णमहोत्सव होता.

रत्नाबाईंचे चिरंजीव, कंपनीचे मालक हणमंतराव यांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी वीणा मोहितेला बोलावलं.

वीणा पूर्वी वजनमाप खात्यात निरीक्षक होती. एका बड्या तेलवाल्याच्या गोदामाला तिने टाळं ठोकलं, तर खात्याने त्याच आठवड्यात तिची बदली केली. तिने बदलीचा हुकूम साहेबाच्या टेबलावर भिरकावला आणि नोकरी सोडली. आता ती गांधी बझारमध्ये एक खोली घेऊन लोकांच्या खासगी चौकशा करायची. तिचा राग बंगलोरच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होता. तिला बोलावणारे थोडे घाबरतच बोलवायचे.

"पोलीस नकोत, वीणाक्का," हणमंतराव म्हणाले. साठीला टेकलेले, अंगाने भारी, कपाळाला गंध. "बुधवारी पेपरवाले येणार, गावोगावचे डीलर येणार. बोभाटा नको. आणि चोर कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त डबा काढून द्या."

"कोण चोर?"

"गंगव्वा. येलहंक्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शुक्रवारी इथं आली आणि याच कपाटापुढं उभी राहून तमाशा केला. 'या डब्यातला चमचा काढा आणि तुमचा आताचा चमचा शेजारी ठेवा,' म्हणून किंचाळत होती. सगळ्यांनी ऐकलं. आज सकाळीच तिला घरी बसवलंय. डबा नाही मिळाला तर सरळ पोलिसांच्या हवाली करणार."

"कपाटाला कुलूप नव्हतं?"

"देवासारखी वस्तू आमची. तिला कुलूप कशाला?"

"बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या बघतात का?"

"वॉचमन प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. घरची माणसं सोडून."

"मग गंगव्वाने एवढा डबा नेला कसा?"

हणमंतरावांना हा प्रश्न आवडला नाही. "ते शोधायला तर तुम्हांला बोलावलं, अक्का." त्यांनी खणातून एक मोठा रंगीत फोटो काढला. "जाहिरातीसाठी गेल्या महिन्यात काढला. हाच डबा. लहानपणापासून रोज बघत आलोय. डोळे मिटून चित्र काढून देईन."

वीणाने फोटो घेतला आणि कपाटाशी जाऊन ती वाकली. इतक्या वर्षांच्या उजेडाने मखमल विटून गुलाबी झाली होती. जिथे डबा उभा असायचा तिथे मात्र मूळचा गडद लाल रंग गोल राखला गेला होता. त्या गोलाच्या आत मखमल दाबली जाऊन आणखी एक वर्तुळ उठलं होतं, ताजं, आणि बाहेरच्या गोलापेक्षा लहान. दोन्हींच्या मध्ये सहज करंगळी बसली असती.

वीणाने पुन्हा पाहिलं. मग तिने काच लावली.

२

वरच्या मजल्यावर जाहिरातीचा कारभार निहार गोगटेकडे होता. मूळचा पुण्याचा, मुंबईच्या एजन्सीत चार-पाच वर्षं काढून नुकताच बंगलोरला आलेला, तिशीच्या आतला. त्याच्यामागच्या भिंतीवर मोठं पोस्टर होतं. पिकल्या केसांची एक गोड म्हातारी मांडीवर बाळ घेऊन हसत होती. खाली लिहिलं होतं: 'पन्नास वर्षं. तोच डबा, तीच माया.'

"या रत्नाबाई नव्हेत," वीणा म्हणाली.

"नाहीत मॅडम. मॉडेल आहे. रिअल रत्नाबाईंचं फोटोसेशन केलं होतं आम्ही. पण त्या हसतच नाहीत." निहारने खुर्ची पुढे ओढली. तो खरोखर हवालदिल झाला होता. "मॅडम, तो डबा मला बुधवारच्या आत पाहिजे. स्टेजवर जुना डबा आणि नवा डबा शेजारी शेजारी ठेवून प्रेसला फोटो द्यायचाय. सगळी कॅम्पेन त्या एका फोटोवर उभी आहे."

"शेजारी शेजारी?"

"अफकोर्स. जग बदललं, आपला डबा नाही बदलला. यंदा सगळ्या देशालाच पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतंय. लोकांना सत्त्व नको असतं मॅडम, आठवण हवी असते. आपण आठवण विकतो."

वीणाने त्याच्या टेबलावरचा नवा डबा उचलून फिरवला. वजन मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत होतं.

"गेल्या वर्षापर्यंत यात पाचशे ग्रॅम असायचं. आता चारशे."

"छापलंय ना. लीगल आहे."

"कुठे छापतात ते मला माहीत आहे. माझी उमेदीची वर्षं तेच वाचण्यात गेली. माल कमी झाला, मग डबा तेवढाच उंच कसा?"

निहारला विषय आवडीचा होता. तो खुलला. "हाईट सेम ठेवली, घेर कमी केला. माणूस शेल्फवर उंची बघतो, घेर बघत नाही. किंमत वाढवली की बायका दुकानदाराशी भांडतात. माल कमी केला की कुणी भांडत नाही."

"डबा लवकर संपला की भांडतीलच."

"तीच तर गंमत आहे! संपत नाही. आतला चमचासुद्धा छोटा केला. डब्यावर लिहिलंय 'दोन चमचे'. आया वर्षानुवर्षं दोनच घालतात. डबा पूर्वीइतकेच दिवस पुरतो. एक कम्प्लेंट नाही."

खात्यात असताना वीणाने काट्याखाली चिकटवलेले लोहचुंबक पाहिले होते, पोकळ वजनं पाहिली होती. ती माणसं निदान पकडल्यावर मान खाली घालायची.

"आणि बाळ?" तिने विचारलं.

निहारने पोस्टरकडे वळून पाहिलं. "कुठलं बाळ?"

३

येलहंक्याचा कारखाना हणमंतरावांचा मुलगा शंभूराज चालवायचा. इंग्लंडात शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलूनमापून. भट्टीवर भाजणाऱ्या नाचणीचा वास आवारभर दरवळत होता आणि त्या वासात उभं राहून तो वीणाला खर्च समजावून सांगत होता. नाचणी महागली, पत्रा महागला, परदेशी कंपन्या टीव्हीवर रात्रंदिवस जाहिराती करतात.

"मी कुणाचं काही चोरलेलं नाही," तो म्हणाला. "वजन छापलंय."

"चमच्यावर काय छापलंय?"

"चमचा आम्ही फुकट देतो. फुकटच्या वस्तूला कसलं माप?"

वीणाने त्याच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की तो घड्याळाशी चाळा करू लागला.

"गेलेल्या डब्याबद्दल सांगा."

"मी तो कधी हातातही घेतलेला नाही. आमच्या घरात त्याला शिवायची परवानगी दोघांनाच, आजीला आणि अप्पांना, माझ्या वडिलांना. आजी दर शुक्रवारी कचेरीत येते, डबा काढून पुसते, हळदकुंकू लावते, परत ठेवते. मध्ये दोन महिने डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून येत नव्हती. कालच पहिल्यांदा आली."

"फुलंबिलं घेऊन?"

"भली मोठी परडी असते तिची. का?"

"सहज विचारलं," वीणा म्हणाली.

गंगव्वाचं घर रुळांच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. ती मूळची बेळगावकडची, मराठीत कन्नड मिसळून बोलणारी. वीणा दारात दिसताच ती कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"झडती घ्यायला आलाय? घ्या. हांडे उपडे करा, गाद्या उसवा. मालकांनी चोर ठरवलंच हाय."

"मी झडती घेत नाही. मला चमचा दाखव."

गंगव्वा थबकली. मग ती आत गेली. आतल्या खोलीत तिची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. नऊ महिन्यांचं बाळ, पण मनगटं काडीसारखी. रडत होतं तेही बारीक आवाजात, जणू मोठ्याने रडायलाही त्याच्यात जोर नव्हता.

"दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतो वजन वाढत नाही, खायला घाल," गंगव्वा म्हणाली. "पोरीचं दूध आटलं, वरचं दूध परवडतंय तेवढं देतो. बाकी सगळं या सत्त्वावर. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, हिच्या थोरल्याला घातलं तसंच की. थोरला कसा टणटणीत झाला! मग ह्याला काय झालं म्हणून देवाला कौल लावला, दृष्ट काढली. शेवटी भांडी घासताना हे दोन्ही चमचे एकत्र आले हातात."

तिने दोन चमचे पुढे धरले. एक थोरल्या नातवाच्या वेळचा, एक आताचा. नवा चमचा जुन्या चमच्याच्या पोटात अलगद बसला आणि आत खुळखुळला.

"मी टाकते हो तो चमचा डब्यात," गंगव्वाचा आवाज चिरकला. "दिवसभर, ह्या हातांनी. आणि घरी येऊन त्यानंच मोजून माझ्या नातवाला उपाशी ठेवते. मालकांना विचारायला गेले तर वर सोडेनात. मग ओरडले. ओरडू नको तर काय करू?"

"डबा तू घेतलास?"

"संधी मिळाली असती तर घेतला असता. पेपरवाल्यांच्या टेबलावर नेऊन आदळला असता. पण नाही घेतला. माझी पिशवी वॉचमननं उपडी केली, डब्याचं झाकणसुद्धा मावलं नसतं तिच्यात."

बाहेर आल्यावर वीणा रुळांशी उभी राहिली. गाडी गेली, फाटक उघडलं, माणसं पुढे सरकली. ती तशीच उभी होती. कायद्याचं पुस्तक तिला पाठ होतं. वजन छापलेलं होतं, म्हणजे वजनात गुन्हा नव्हता. चमच्याला माप नव्हतं, म्हणजे चमच्यातही नव्हता. एक मूल सुकत चाललं होतं आणि सगळं कायदेशीर होतं.

मग जगताप डब्यासाठी एवढे घाबरले का होते?

४

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गांधी बझारच्या खोलीत तिने तो रंगीत फोटो भिंगाखाली धरला. पुसट निळा रंग, कडेला मुद्दाम आणल्यासारखा गंज, मधोमध '१९४७'. आणि त्याखाली कानडीत, मराठीत व इंग्रजीत: निव्वळ वजन ४०० ग्रॅम.

वीणा मोठ्याने हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता.

सत्तेचाळीस साली बंगलोरच्या बाजारात ग्रॅम नव्हताच. शेर होता, पौंड होता. ग्रॅम-किलो पुढे दहा-बारा वर्षांनी आले. हा डबा बनवणारा माणूस ग्रॅमच्या जमान्यात जन्मला होता आणि त्याआधी काही निराळं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

फोटो घेऊन ती तडक कचेरीच्या मागच्या बंगल्यावर गेली.

रत्नाबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. ताठ पाठ, नव्या चष्म्याआड बारीक डोळे. पोस्टरमधल्या म्हातारीचा मागमूसही त्या चेहऱ्यात नव्हता. समोर, टेबलाच्या मधोमध, डबा होता.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. "मला वाटलं कालच येशील. बस."

वीणा बसली. "परडीतून नेलात."

"शेवंतीच्या फुलांखाली. वॉचमन मला वाकून नमस्कार करतो, परडीत डोकावत नाही. तुला कशावरून कळलं?"

"मखमलीवर दोन वर्तुळं आहेत, रत्नाक्का. गडद गोल मोठा, तो जुन्या डब्याचा. आत दाबलेलं वर्तुळ लहान, ते या डब्याचं. म्हणजे चोरी एकदा नाही, दोनदा झाली. आधी कुणीतरी खरा डबा काढून त्या जागी खोटा ठेवला. मग कुणीतरी खोटा नेला. खोटा ज्यांनी ठेवला त्यांना तो बुधवारी स्टेजवर हवा होता. ते कशाला नेतील? गंगव्वाची पिशवी तपासली गेली. राहिलं ते घरचं माणूस, ज्याची परडी कुणी उघडत नाही आणि ज्याला हातात घेताच कळेल की हा आपला डबा नाही."

रत्नाबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि डब्याला विळखा घातला. बोटांची टोकं एकमेकांना भिडली.

"शुक्रवारी पुसायला असा धरला. खऱ्या डब्याला माझी बोटं कधी मिळाली नाहीत. चिकपेटेत दारोदार फिरत असे डबे काखेत मारून नेलेत मी. डोळ्यांनी फसले असते कदाचित. हातांना कोण फसवणार?" त्यांनी हात मागे घेतले. "गप्प राहिले कारण मला बघायचं होतं, कुणी केलं. मुलानं, का नातवानं, का त्या पुण्याच्या पोरानं. जो जास्त घाबरेल तो."

"बनवला निहारने. त्याशिवाय जुना डबा नव्या डब्याशेजारी ठेवायची त्याची छाती झाली नसती. दोन्ही एकाच मापाचे आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. शंभूराज डब्याला कधी शिवलेला नाही. पण कपाट उघडून खरा डबा काढायचा आणि तिथे परका ठेवायचा, हे नोकराचं काम नाही." वीणाने फोटो टेबलावर सरकवला. "हणमंतरावांनी हा मला दिला आणि म्हणाले, 'हाच डबा, डोळे मिटून चित्र काढून देईन.' खऱ्या डब्यावर वजन काय लिहिलं होतं?"

"एक पौंड," रत्नाबाई म्हणाल्या. "मीच रंगाऱ्यापुढे बसून लिहून घेतलं होतं."

"मग ज्याला त्याचं चित्र पाठ आहे, तो चारशे ग्रॅम लिहिलेल्या डब्याला 'हाच' कसा म्हणेल?"

रत्नाबाईंच्या जबड्याची शीर उडत होती.

"चमच्याचं तुम्हांला माहीत होतं?" वीणाने विचारलं.

"कसला चमचा?"

वीणाने गंगव्वाकडून मागून आणलेले दोन्ही चमचे काढले, एकात एक घातले आणि टेबलावर ठेवले. गंगव्वाच्या घरी पाहिलेलं सगळं तिने सांगितलं. म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला.

"ती बाई अजून घरी बसलीय," वीणा म्हणाली. "तिच्यावर चोरीचा आळ आहे."

"हणमंता बोलला होता. डबा मिळाला की येईल परत कामावर," रत्नाबाई म्हणाल्या आणि पुन्हा चमच्यांकडे बघू लागल्या.

वीणाला ते उत्तर खुपलं. पण तेव्हा ती दुसऱ्याच माणसावर संतापलेली होती.

५

हणमंतरावांनी वीणाला पाहताच खुर्ची सरकवली. "मिळाला?"

"तुम्ही चोर शोधायला सांगितलंत, अण्णा. सापडला. खरा डबा कुठे आहे?"

त्यांनी आधी आवाज चढवला. मग निहारला बोलावलं. निहारने वीणाच्या हातातला फोटो आणि ग्रॅमखाली ओढलेली तांबडी रेघ पाहिली आणि तो तिथल्या तिथे मोकळा झाला. "सर म्हणाले जुना गंजलाय, शोसाठी नवा करून दे. माप सरांनीच दिलं. मी फक्त आर्टवर्क केलं, मॅडम."

"बाहेर हो," हणमंतराव म्हणाले. निहार गेला, पण त्याने उघडलेलं दार परत लागलं नाही. दारात रत्नाबाई उभ्या होत्या.

"कुठे आहे, हणमंता?"

हणमंतरावांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "येलहंक्याला. पत्र्याच्या प्रेसखाली घातला. उरला असता तर कुणीतरी शेजारी ठेवला असता, आई."

"चपटा केलास."

"मी काय करू? किंमत वाढवली तर गिऱ्हाईक दुसऱ्याचा डबा उचलतं! कामगार पोसायचेत, कारखाना चालवायचाय. लोकांना जुनं ते सगळं तसंच आहे असं ऐकायचं असतं. मी तेवढं ऐकवलं. स्वल्प कमी केलं, वजन छापलं—"

"माझं तोंड छापलंस!" रत्नाबाईंनी टेबलावर थाप मारली. "माझं सुद्धा नाही, कुठल्या बाईचं हसरं तोंड लावून माझं नाव खाली लिहिलंस. आया वजन वाचत नाहीत, हणमंता. आया नाव वाचतात. रत्नाबाई सांगते दोन चमचे, तर दोन चमचे. त्या नावावर तू लेकरांच्या तोंडातला घास काढलास."

"तुम्ही मला बोलावलंत तरी कशाला?" वीणाने विचारलं.

हणमंतराव खाली बघत म्हणाले, "खोटा डबा कुणीतरी ओळखून नेला याची भीती होती. तुम्ही गंगव्वाला दम भराल, ती कबूल होईल, प्रकरण मिटेल असं वाटलं."

"म्हणजे माझ्या रागाचा उपयोग करायचा होता," वीणा म्हणाली. "केलात."

बुधवारी कल्याणमंडप भरला होता. डीलर, पेपरवाले, पुढच्या रांगांत कंपनीने खास बोलावलेल्या लेकुरवाळ्या आया. स्टेजवर रोषणाई, मागे हसऱ्या म्हातारीचं भलंमोठं चित्र. समारंभ रद्द करायला हणमंतराव धजावले नव्हते आणि आईला घरी थांबा म्हणायला तर नाहीच.

रत्नाबाई माइकपाशी गेल्या. त्यांनी कानडीत सुरुवात केली, मग मराठीत आल्या. दोन्हींत त्या तितक्याच कडक बोलल्या.

"ह्या चित्रातली बाई मी नव्हे. हा डबा माझा नव्हे. माझा डबा माझ्या मुलानं मोडला, कारण तो मोठा होता. हल्ली डबा बारीक केलाय, चमचा बारीक केलाय आणि तुम्हांला सांगितलं नाही. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी नीट ऐका. दोन चमचे नाही, अडीच घाला. अडीच मोजता येत नसतील तर तीन घाला. डबा लवकर संपेल. संपला की दुकानदाराशी भांडू नका, इथं येऊन आमच्याशी भांडा."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं, मग शेजारणीकडे. मागून कुणीतरी कानडीत शिवी हासडली. मग एकदम सगळेच बोलू लागले. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखत राहिले आणि निहार स्टेजच्या कडेला हात वर करून नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, रत्नाबाईंनी डबा कुठे आणि का ठेवला होता तेही. वीणाने ग्राहक मंचात तक्रार गुदरली. मापाबद्दल नाही, 'तोच डबा' या खोट्या दाव्याबद्दल. तेवढीच फट कायद्यात होती. पोस्टरं उतरली. जुन्या मापाचा चमचा परत आला, डबा पुन्हा रुंद झाला, किंमत वाढली. विक्री घसरली, पण कारखाना बंद पडला नाही. शंभूराजने गंगव्वाला दोनदा निरोप धाडला, कामावर ये. ती गेली नाही.

म्हणून एका सकाळी रत्नाबाई वीणाला घेऊन येलहंक्याला आल्या. गाडी रुळांशी ठेवून त्या काठी टेकत गंगव्वाच्या दारापर्यंत चालत गेल्या. गंगव्वा बाहेर आली. तिने नमस्कार केला नाही, बसा म्हणाली नाही.

"कामावर ये," रत्नाबाई म्हणाल्या. "तुझी जागा राखून ठेवलीय."

"दुसरीकडं लागले मी. अगरबत्तीच्या कारखान्यात."

"पगार जास्त देते."

"पगार नाही हो." गंगव्वा उंबऱ्यातच उभी होती. "डबा तुमच्या घरात होता. टेबलावर. आणि मी इथं चोर होते. शेजारीण पाण्याला गेले की भांडं उचलून आत ठेवायची. धाकटीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, ते लोक परत आले नाहीत. तुमच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं. तुम्ही मुलगा घाबरतो का नातू घाबरतो ते बघत बसलात."

वीणाला आपलीच मान खाली गेल्यासारखी वाटली. तिलाही रविवारीच सगळं कळलं होतं आणि रविवारीच येऊन ती हे या दारात सांगू शकली असती.

रत्नाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चुकलं माझं, गंगव्वा."

"ते त्या मांडवात म्हणायचं होतं," गंगव्वा म्हणाली. "तिथं माइक होता."